झिलूच्या मशीनवरचा कागद

हॅलो?… हां, बोला… हो, यशवंत हलगेकरच. रामनगरहून… कोण?… जरा मोठ्यानं बोला बाई, शेजारी पिठाची गिरण चालू हाय… चालू आहे.

पुण्याहून?… सुनयनाच्या कॉलेजातून?

हो… हो, आलं होतं की पत्र. विसरतोय कुठला? सहा वर्षं झाली. गौरी-गणपती होऊन गेले होते. म्हादू पोस्टमननं हातात दिलं आणि म्हणाला, "मास्तर, टाइप केलेलं पत्र हाय, कोर्टाचं काय हो?"… नाही, उत्तर नाही दिलं. म्हणजे लिहिलं. अकरा वेळा लिहिलं. पोस्टात टाकलं नाही, एवढंच…

एवढंच काय म्हणतोय मी.

हे बघा बाई… नाव काय म्हणालात तुमचं?… मयूरी. तर मयूरीबाई, तिला म्हणावं, रागावू नको. तिनं फोन न करता पत्र का लिहिलं, ते मला कळलं होतं. फोनवर मला धड बोलायला सुचत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पत्राला सावकाश उत्तर देता येतं. मी जरा जास्तच सावकाशीनं घेतलं… तिला सांगा, आज लिहितो. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की टाकतो. जवळ आहे का ती?… नको, फोन देऊ नका, नुसतं सांगा की…

काय?

कधी?

…हो, आहे. आहे मी फोनवर… नाही, इथं कुणाला कळलं नाही. वाडीवरचं घर बंदच असतं. तिच्या आईला, केशरवैनींना, ती पुण्याला घेऊन गेली, त्यालाच आठ वर्षं झाली. कळवणार कोण?… डोक्यात गाठ… तीन महिन्यांत?… अडतिशीची पोर हो. अडतीस तरी कुठं पुरी झाली.

फुला, तो रेडिओ बंद कर… काही न्हाई. तू आत जा, मागनं सांगतो… माझी बहीण, बाई. आम्ही दोघंच असतो घरात.

बोला तुम्ही. ऐकतोय मी… नाही, ठेवू नका. ठेवलात तर मी काय करू आता?… काम असेल म्हणूनच एवढ्या लांबून केलात. बोला.

हां… कॉम्प्युटरवरचं पान. शिक्षकांची माहिती. कोण कुठून आलं, आधी काय करत होतं… पत्रात होतं ना ते. तोंडपाठ आहे मला. "मास्तर, आमच्याकडं एम.ए.ला तांत्रिक लिखाण शिकवतात. मशीन कसं चालवायचं, औषध कसं घ्यायचं, अर्ज कसा भरायचा, हे दुसऱ्याला कळेल असं कसं लिहावं, ते. आमच्यातलं कुणीही हा विषय शिकून आलेलं नाही. एक जण वर्तमानपत्रात होता. एक बाई दवाखान्यात नर्स होत्या. एक इंजिनियर आहेत, त्यांना अजून रजेचा अर्ज लिहिता येत नाही…"

हसलात?… अजून येत नाही?… आणि तुम्ही कुठल्या?… मिक्सरच्या कंपनीत? मिक्सरच्या खोक्यात पुस्तक येतं, ते तुम्ही लिहायचा?… आमच्या फुलानं ते लोणच्याच्या बरणीखाली घातलंय हो, डाग पडू नये म्हणून… नाही नाही, राग मानू नका… सगळ्यांच्याच घरी? मग बरं.

पुढं काय लिहिलं होतं सांगू? "तुम्ही कुठून आलात, ते आमच्या मुलांना कळायला हवं. एक दिवस या. एक तास बोला. नाहीतर नुसते बसा." नुसते बसा, असं लिहिलं होतं तिनं…

हां… हां… तिच्या माहितीत माझं नाव? काय लिहिलंय, वाचा बरं… "हे काम मी पहिल्यांदा पाहिलं ते रामनगरच्या यशवंत मास्तरांच्या कागदांवर."… हे तिथं आहे? सहा वर्षं? कुणालाही वाचता येतं?

मग?… पान नवं करताहात. तिचं नाव आता माजी शिक्षकांत जाणार… साहेब काय म्हणतात?… असा कोण मास्तर, कुठल्या शाळेचा, पदवी कुठली, याची नोंद नाही, तेव्हा ओळ काढा… आणि तुम्ही त्यांना म्हणालात, थांबा, मी माणूस शोधते.

कशाला शोधलात हो? साहेब बरोबर बोलतात. काढा ती ओळ. उद्यापासून मुलं अर्ज करणार, आज पान जायला पाहिजे ना? मग काढा आणि टाका.

विनय नाही हा, बाई. मास्तर हे नावच मुळात खोटं आहे. शाळेत मी एक दिवस शिकवलेलं नाही. एस.एस.एल.सी.ला, म्हणजे दहावीला, गणितात दोनदा नापास झालो आणि दत्ताशेठच्या मशीनच्या दुकानात बिलं लिहायला बसलो. पुस्तकं वाचायचो, चष्मा होता, म्हणून लोक मास्तर म्हणायचे. चष्म्याची पदवी ती.

कागद?… ते काय, मशीनबरोबर पुस्तक यायचं इंग्रजीत, फार तर हिंदीत. इकडचा, सीमेवरचा शेतकरी घरात कोंकणी बोलतो, बाजारात मराठी, ऑफिसात कानडी. इंग्रजी पुस्तकाचं तो काय करणार? पंप न्यायचा, दोन दिवसांनी डोक्यावर घेऊन परत यायचा. "शेठ, चालत न्हाई तुमचं धूड." दत्ताशेठ मला म्हणाले, "यशवंता, तू एवढा वाचतोस, ह्याचं काहीतरी सोपं लिही की." मग मी मशीन स्वतः चालवून बघायचो आणि एका पानावर मराठीत लिहायचो. आधी हे करावं, मग हे करावं. शेठ बेळगावहून छापून आणायचे, आणि मशीन विकलं की मी खळ लावून कागद त्याच्यावर चिकटवायचो. पंप, फवारणीचं मशीन, भाताची मळणी… सगळे मिळून चौदा कागद.

सुंदर? कोण म्हणालं सुंदर?… ती म्हणायची. हं. अक्षरं ती त्यावरच शिकली ना. त्या वाडीत दुसरं छापलेलं होतं काय? बाप मशीन पुसायचा आणि ही समोर बसून वाचायची, "तेल पा-ह-वे." मी एकदा गेलो होतो तेव्हा मला वाचून दाखवलं तिनं. सात वर्षांची असेल. एवढ्या लहान वयात माझं लिखाण मोठ्यानं वाचणारं माणूस मला… जाऊ दे. ओळ काढा.

का म्हणजे काय? काढा म्हटलं की काढायची… असं कसं, "कारण सांगा"?… तुम्ही तिच्यासारख्याच दिसताय.

बरं. ऐका मग. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. फुलालाही नाही. तुमचा चेहरा दिसत नाही म्हणून जमतंय.

शहाण्णव सालची गोष्ट. झिलू वेळीप, सुनयनाचा बाप. उळवीच्या अलीकडं वाडी त्यांची. मळणीचं मशीन त्यानं नेलं, डिझेल इंजिनावर चालणारं, चार घरांत मिळून. माझा कागद चिकटवलेला. नऊ ओळी होत्या. भोवती वेलबुट्टीची चौकट काढली होती मी. पाचवी ओळ अशी, "पट्टा घसरत असल्यास तो हाताने चाकावर नीट बसवावा." मग सहावी, सातवी, आठवी, नववी. आणि त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात, "टीप : पट्ट्यास हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करणे."

हां. आलं ना लक्षात? तुमचा धंदाच आहे तो.

पुस्तकांत टीप तळाला असते, बाई. मी पुस्तकं वाचून शिकलेला माणूस. मला वाटलं, तीच रीत. तीच शोभा.

झिलूला वाचता यायचं, पण कसं? बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्यानं. एक ओळ वाचायची, तेवढं काम करायचं, मग दुसरी ओळ. पट्टा घसरायला लागला. उजव्या हाताचं बोट कागदावर, पाचव्या ओळीवर. डावा हात पट्ट्यावर…

चार बोटं. अंगठा तेवढा राहिला.

नाही, ऐका, अजून संपलं नाही. ह्याच्यापेक्षा वाईट पुढं आहे. दीड महिन्यानं झिलू दुकानात आला, हाताला फडकं गुंडाळून. दुकानात माणसं होती. कुणीतरी कागद मागितला, वाचला आणि म्हणालं, "अरे झिलू, खाली लिवलंय की, इंजिन बंद करणे! शेवटपर्यंत वाचायचं असतंय, बाबा." सगळे हसले. वाईट मनानं नाही, आपलं हसतात तसं. आणि झिलू पण हसला. म्हणाला, "व्हय की. अडाणी माणूस मी. अर्धंच वाचलो." आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, तुमचा कागद झ्याक हाय, माझंच डोकं न्हाई."

मी काउंटरच्या आत होतो. हातात बिलबुक. मी काही बोललो न्हाई, बाई. "बस, चहा घे," म्हटलं. त्यानं उजव्या हातात घेतला चहा.

दुसऱ्या दिवशी नवा कागद लिहिला. इंजिन बंद करणे पहिल्या ओळीत, आणि पाचवीच्या आधी परत एकदा. सायकलवरनं घरोघर गेलो, तसली मशीनं सव्वीस होती, त्यांतल्या पंचवीस ठिकाणी जुना खरवडून काढला, नवा लावला. लोक म्हणाले, "मास्तर, फुकटात नवा कागद, काय भानगड?" मी म्हटलं, जुन्याची शाई फिकी झाली. सव्विसावं घर झिलूचं. उळवीच्या फाट्यापर्यंत गेलो आणि सायकल वळवली.

त्यानंतर एक कागद लिहिला न्हाई. बिलंच लिहिली.

आता सांगा. पोरीला हे ठाऊक न्हाई, म्हणून ती माझं नाव आदरानं घेते. घेत होती. मी उत्तर काय देणार? येतो म्हटलं तर तिच्या मुलांसमोर बसून खोटा मान घ्यायचा. येत न्हाई म्हटलं तर का ते सांगायचं. अकरा पत्रं लिहिली मी, बाई, आणि अकराही वेळा ह्याच जागेवर येऊन… हॅलो?… आहात ना?

काय ठाऊक होतं?… कुणाला?

तुम्हाला?… तो कागद?… तुमच्या वर्गात?… तो न्हाई हो, दुसरा असेल. नवा असेल… वेलबुट्टीची चौकट?… नऊ ओळी आणि रेघ…

तिच्याकडं होता तो.

मशीन मोडीत गेलं तेव्हा पत्र्यासकट कापून घेतला?… आणि काय करायची ती त्याचं?… पहिल्या दिवशी. पहिल्याच तासाला… एका मुलाला पुढं बोलवायची. कागद हातात द्यायची. "बोट ठेवून मोठ्यानं वाच, आणि वाचशील तसं कर."… टेबल म्हणजे मशीन… पाचव्या ओळीला… दर वर्षी?… शहाणीसुरती शिकलेली मुलं, सगळीच?… तुम्ही पण?… नव्या आलात तेव्हा तुम्ही पण घातलात हात.

मग ती काय म्हणायची?… कागदाबद्दल वाईट?… न्हाई?… "मी वाचलेल्यांत हा सगळ्यांत चांगला लिहिणारा. त्याच्या हातून हे झालं. तुमच्या हातून काय होईल ते बघा."…

थांबा. चष्मा पुसतो.

…

हां. बोला… मुलं विचारायची, हे लिहिणारा कोण. आणि ती?… नाव सांगायची न्हाई?… "ते येऊन स्वतः सांगतील."… वेळापत्रकात?… तास राखून ठेवायची?… काय लिहायची त्या चौकोनात?… "पत्र आल्यावर ठरेल."

सहा वर्षं.

मला वाटलं, तिला ठाऊक न्हाई म्हणून बोलावतेय. तिला ठाऊक होतं म्हणून बोलावत होती. आणि मी, एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, दोन पानांचं पत्र मला वाचता आलं न्हाई.

कोण रडतंय तिथं?… तुम्ही न्हाई, मागं. मागं कोण आहे?… तुम्ही कॉलेजातनं बोलताय ना?… तिच्या घरातनं. तिचे कागद आवरताय… मग तिथं… केशरवैनी?… फोन मोठ्या आवाजावर ठेवलाय? कधीपासनं?… पहिल्यापासनं…

अरे देवा.

…द्या. न्हाई, घाबरलोय, पण द्या.

वैनी… व्हय, मी यशवंता. रामनगरचा… वैनी, पोरीचं मला आत्ता कळलं. ह्या फोनवरच कळलं… व्हय… व्हय… रडू नका म्हणायला तोंड न्हाई मला. रडा तुम्ही…

ऐकलासा न्हवं सगळं?… व्हय. खरं हाय. टीप खाली हुती… न्हाई वैनी, त्यानं बरोबर वाचलं हुतं. कागद तसाच वाचायचा असतोय. एक ओळ वाचायची, एक काम करायचं. मी उलटं लिवलं… व्हय, मला त्याच दिवशी कळलं. दुकानात उभा हुता तवाच कळलं… का न्हाई बोललो? भ्यालो… नोकरीला न्हवं. शेठ काय बोलले नसते. नावाला भ्यालो. सगळा मुलूख मास्तर म्हणत हुता.

काय म्हणाला?… मरताना?… "मला वाचाया आलं न्हाई"… शेवटपर्यंत तेच धरून बसला? चार बोटं गेली त्याचं न्हाई, आणि वाचाया आलं न्हाई त्याचं…

वैनी, शिव्या घाला मला. घाला की… न्हाई घालत? मग काय करू मी?… ऐकतो. सांगा…

पोरीला बसवायचा?… कसली पिशवी, बियाण्याची?… आधी तिनं सगळं वाचायचं, शेवटच्या ओळीपर्यंत, मग पिशवी फोडायची… डॉक्टरच्या बाटलीचं पण?… बसची पाटी पण?… दोन्ही बाजूची? बस सुटली तरी? अगं आई गं… कंडक्टर शिव्या द्यायचा आणि हा म्हणायचा, "पोर वाचतीया, दम काढा." व्हय, झिलूच तो… आणि ती वाचायची. मराठी, कानडी, जे दिसंल ते. बापाचा हात धरून. कुठला हात?… व्हय. तो अंगठा.

म्हणजे ती हे शिकली ते माझ्या कागदावरनं न्हवंच, वैनी. त्याच्या भ्यावरनं शिकली. आणि भ्या मी घातलेलं.

…

तेवढंच? त्यानं बरोबर वाचलं, एवढंच लिवून पायजे तुमाला?… लिवतो. आत्ता लिवतो. पोस्टात न्हाई, आत्ता, हितनंच. त्या पानावर, सगळ्या जगाला दिसंल असं. झिलूचं नाव घालून. तेवढं येतं मला… फोन त्या बाईकडं द्या, पण जाऊ नका. ऐका तुम्ही पण. चुकलं तर सांगा.

मयूरीबाई, त्या पानावर एका माणसाला किती ओळी देता?… चार-पाच? बास. कागद-पेन… हां, तुम्ही मशीनवरच लिहिता. घ्या.

नाव, यशवंत हलगेकर. रामनगर, तालुका जोयडा… शिक्षण, एस.एस.एल.सी. नापास… राहू दे तसंच. साहेबांना पदवी पाहिजे ना, ही घ्या म्हणावं… अनुभव. मशीनच्या दुकानात कारकून. यंत्रे कशी चालवावीत याचे चौदा कागद लिहिले.

आता पुढं. "मळणी यंत्राच्या कागदात इंजिन बंद करण्याची सूचना…" थांबा, पुसा. सूचना नको. "इंजिन बंद करा ही ओळ मी सर्वांत खाली लिहिली. ती पट्ट्याला हात लावण्याच्या ओळीआधी हवी होती." पूर्णविराम… नाही, "अनवधानाने" घालू नका. त्या अकरा पत्रांत सगळ्यांत तो शब्द आहे. काढा.

"झिलू वेळीप यांनी तो कागद बरोबर वाचला. जसा लिहिला होता तसाच वाचला. त्यांची चार बोटे गेली. चूक लिहिणाऱ्याची होती."

वैनींना विचारा, बरोबर आहे?… काय म्हणतात?… परत वाचा त्यांना. सावकाश वाचा, घाई करू नका… वाचलं?… मान हलवली. बरं.

आणखी काय?… हं, खरंच. सुनयनाचं राहिलं. उत्तर तिला द्यायचंय आणि तीच राहिली… काय लिहू, बाई? तुम्ही शिकवता ना, सांगा… मीच सांगू?… लिहा, "प्राध्यापक सुनयना वेळीप यांनी हे सांगायला मला बोलावले होते. मी उत्तर दिले नाही." आणि… आणि एक शब्द. "येतो."

नाही, "येईन" नको. "येतो."

हो, खरंच येतो. बेळगावच्या पुढं कधी गेलो नाही, पण येईन… बोलता येईल का, ते माहीत नाही. तिनं नुसतं बसायचीही परवानगी दिली होती… पहिल्या तासालाच ठेवा. कागद झाल्यावर… हो, तो तिचाच चौकोन.

साहेब काय म्हणतील?… तुमच्यावर सोपवलं.

आता हे जाणार कसं? साहेबांकडं सहीला…? तुम्हीच टाकता… टाका मग. थांबा! …नाही, काही नाही. टाका.

गेलं?… एवढ्यात?… दिसतंय? झिलूचं नाव दिसतंय?… वैनी बघताहेत? त्यांना वाचता येत नाही हो, बोट ठेवून दाखवा, कुठली ओळ त्याची… दाखवलीत?…

बाई, एक विचारू? एकदा टाकलेलं ते… परत काढता येतं का?

न्हाई, न्हाई. काढू नका. नुसतं विचारलं.

वैनींना म्हणावं, दोन घास खा. मी उद्या परत करतो फोन. मीच करतो… हो. ठेवतो आता.